हेन्री स्लेसर : सात पानी खून आणि पंधरा वर्षांची मालिका

कंदीलवाला

रहस्यकथांवर इथे एवढे धागे निघाले, पण हेन्री स्लेसरचं नाव कुठे दिसलं नाही, म्हणून हा प्रपंच.

जन्म १९२७, ब्रुकलिन. मृत्यू २००२, न्यूयॉर्क. पेशाने जाहिरातींची कॉपी लिहिणारा. ते करता करता लघुकथा लिहिल्या पाचशेच्या घरात, त्यातल्या बहुतेक गुन्हेकथा, थोड्या विज्ञानकथा. हिचकॉकच्या टीव्ही मालिकेला डझनावारी गोष्टी आणि पटकथा पुरवल्या. ‘द ग्रे फ्लॅनेल श्राउड’ या पहिल्याच कादंबरीला १९६० साली रहस्यकथांसाठीचं एडगर पारितोषिक. आणि एवढ्यावर न थांबता १९६८ ते १९८३ ‘द एज ऑफ नाइट’ या दैनंदिन मालिकेचा मुख्य लेखक. आठवड्याला पाच भाग, प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा.

माझा प्रश्न असा. याच्या गोष्टी सात-आठ पानांत आटोपतात. शेवटच्या दोन ओळींत पायाखालची जमीन सरकते आणि खेळ खलास. असा माणूस पंधरा वर्षं न संपणारी मालिका लिहू शकतो? कथाकार शेवटाकडे धावत असतो, मालिकावाल्याला शेवट येऊच द्यायचा नसतो. माझं स्पष्ट मत : मालिकेने त्याच्यातला कथाकार खाल्ला. पटत नसेल तर भांडा.

फक्त गोष्टींचे शेवट फोडू नका, ही हात जोडून विनंती.

रातकिडा

वाचतोय. बाकी ‘शेवट फोडू नका’ म्हटलेल्या धाग्यावर चौथ्या प्रतिसादात शेवट फुटतो, असा इथला शिरस्ता आहे.

सांजवात

मला स्लेसर भेटला ‘एक्झामिनेशन डे’मुळे. बारा वर्षांचा डिकी, त्याचा वाढदिवस, आणि त्या वयाच्या प्रत्येक मुलाला द्यावी लागणारी सरकारी बुद्धिमापन परीक्षा. आईचे डोळे सकाळीच पाणावलेले. बाप वर्तमानपत्र वाचतोय आणि मुलाच्या प्रश्नांना तुटक उत्तरं देतोय. पाऊस का पडतो, गवत हिरवं का असतं, सूर्य किती लांब आहे. बाप म्हणतो, पाच हजार मैल.

पहिल्या वाचनात या ओळीवरून मी सरळ पुढे गेले होते. खरं अंतर नऊ कोटी तीस लाख मैलांच्या आसपास. लेखकाला ते माहीत नसेल होय? पण बापाला माहीत नाही, किंवा माहीत असून तो बोलत नाही. गोष्टीचं सगळं मर्म त्या एका चुकीच्या आकड्यात आहे. शेवट सांगत नाही, पण दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा त्या ओळीपाशीच घशात आवंढा येईल. शेवट कळल्यावर जास्त जड जाणारी गोष्ट मी तरी फार कमी वाचली आहे.

ढकलगाडी

ही गोष्ट पहिल्यांदा छापून आली ती फेब्रुवारी १९५८च्या प्लेबॉयमध्ये. ‘आम्ही तो अंक फक्त कथांसाठी घेतो’ असं म्हणणारे लोक खरं बोलत असण्याची शक्यता आयुष्यात प्रथमच दिसली.

तिरपागडे

पोरगं नको तितकं हुशार निघतं, म्हणून सरकार त्याला मारून टाकतं. मग आईबापांना फोन : दफन सरकारी खर्चाने नव्हे, दहा डॉलर भरून सरकारी, की तुमचं तुम्ही खासगी करताय? ते दहा डॉलर मला फार आवडले. मारलं म्हणून नाही, पावती फाडली म्हणून काळीज थरारतं.

रातकिडा

चौथा प्रतिसाद. सभासदांनी नोंद घ्यावी.

कंदीलवाला

तिरपागडे, तुमच्यासाठी वेगळा तुरुंग बांधायला हवा.

तिरपागडे

अहो, गोष्टीला साठ वर्षं उलटून गेली, मुदत संपली की! ‘ट्वायलाइट झोन’ या टीव्ही मालिकेच्या १९८५च्या नव्या आवृत्तीत त्यावर भागसुद्धा झाला. अजून किती सांभाळायचं?

बेरीज

मी फोडणार आहे, आधीच सांगतो. ज्यांना नको त्यांनी माझा प्रतिसाद ओलांडून जा. कारण स्लेसर कसा रचतो हे शेवट लपवून सांगताच येत नाही.

‘द राइट काइंड ऑफ हाउस’. आयव्ही कॉर्नर्स नावाचं झोपाळू गाव. घरांच्या दलालाकडे वॉटरबरी नावाचा माणूस येतो, त्याला सेडी ग्राइम्स या म्हातारीचं जुनाट घर हवंय. दलाल बजावतो, अहो, घर फार तर दहा हजार डॉलरचं आहे आणि म्हातारी मागतेय पंचाहत्तर हजार, नादी लागू नका. हा तरीही जातो. म्हातारी बाहेर उकडतंय म्हणून लिंबूसरबत देते आणि आपल्या मुलाची हकिगत सांगत बसते. मुलगा एका रात्री बॅग घेऊन घरी परतला, काही दिवसांनी घरातच त्याचा खून झाला, बॅगेतली लुटीची रक्कम खुन्याला सापडली नाही. मग तिने घर विकायला काढलं. किंमत मुद्दाम अशी लावली की शहाणा माणूस फिरकणार नाही. जो पंचाहत्तर हजार द्यायला तयार होईल त्याला घर नको असेल, घरात दडवलेलं काहीतरी हवं असेल. तोच खुनी. आणि तोवर सरबत पिऊन झालेलं असतं.

आता यातली लबाडी बघा. किंमत तो पहिल्याच पानावर आपल्या हातात देतो. म्हातारी विक्षिप्त आहे हे दलालाचं मत, आणि आपण ते उसनं घेऊन सगळी गोष्ट वाचतो. लेखक एकदाही खोटं बोलत नाही. आपल्याला फसवतो तो दलाल, आणि त्या बिचाऱ्यालाही ते ठाऊक नाही. ‘शेवटी धक्का’ देणारे ढिगाने आहेत. त्यांतले निम्मे माहिती लपवून ठेवतात, मग शेवटी टोपीतून ससा काढतात. स्लेसर ससा पहिल्यापासून टेबलावर ठेवतो.

मधलीसुट्टी

सगळे एवढे भारावलेत म्हणून जरा थंड पाणी ओतते. मी त्याचे दोन संग्रह लागोपाठ वाचले आणि कंटाळले. नवरा बायकोला मारायला टपलेला, बायको नवऱ्याला, भाचा म्हातारीच्या पैशांवर डोळा ठेवून. शेवटच्या पानावर कट करणाऱ्यावर कट उलटतो. सहाव्या गोष्टीपासून मी उलटणारी बाजू आधीच ओळखायला लागले. माणसं नाहीतच यात, नुसती प्यादी. आणि बायका एक तर कजाग, नाही तर मेलेल्या. अर्ध्या गोष्टींत मनात यायचं, अरे बाबा, घटस्फोट घे आणि मोकळा हो!

ओसरी

मधलीसुट्टी, प्याद्यांचं मान्य. पण घटस्फोटाबद्दल एक गंमत आहे. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात घटस्फोटाला कायद्याने एकच कारण चालायचं, व्यभिचार. बाकी कारणं १९६७ पासून आली. त्याआधी पैसेवाले लोक नेवाड्याला जाऊन राहायचे आणि तिकडून काडीमोड घेऊन यायचे. किंवा हॉटेलात भाडोत्री बाईबरोबर फोटो काढून खोटा पुरावा उभा करायचे. स्लेसर मॅनहॅटनमध्ये बसून लिहीत होता. ‘हिच्यापासून सुटका कशी होणार’ या प्रश्नाला त्या काळी धार होती, ती आता आपल्याला जाणवत नाही. कथा म्हणून ते बोथट झालं हे तुमचं म्हणणं मात्र खरं.

दुसरं, हे संग्रह लागोपाठ वाचायचे नसतातच. या गोष्टी ‘एलरी क्वीन्स’ किंवा ‘आल्फ्रेड हिचकॉक्स मिस्टरी मॅगझीन’मध्ये एकेक करून, इतर लेखकांच्या गर्दीत यायच्या. महिन्याला एक.

मधलीसुट्टी

कायद्याची माहिती भारी. तरीही प्यादी ती प्यादीच. ओसरी, तुम्ही वकील आहात ना?

ओसरी

निवृत्त. घटस्फोटाच्याच खटल्यांतून.

ढकलगाडी

गर्दीवरून आठवलं. गर्दी म्हणजे कधीकधी तो एकटाच. एका अंकात एकाच लेखकाच्या दोन गोष्टी संपादकांना नको असायच्या, म्हणून टोपणनावं. ओ. एच. लेस्ली, जे स्ट्रीट. हार्लन एलिसन या विज्ञानकथाकाराबरोबर लिहिताना ‘स्ले हार्सन’. स्लेसरमधला स्ले, हार्लनमधला हार आणि एलिसनमधला सन. नाव ठेवायला पाच मिनिटंही लागली नसतील. ओ. एच. लेस्लीत शेवटी कलाटणी देणारा कथाकार ओ. हेन्री लपलाय असा माझा आपला तर्क.

पल्याड

इतका वेळ ‘एज ऑफ नाइट’ या मूळ मालिकेवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी शिकायला अमेरिकेत आलो. मूळ प्रक्षेपण डिसेंबर १९८४मध्ये बंद झालेलं, पण यूएसए नेटवर्कवर जुने भाग दाखवायचे, १९८१च्या उन्हाळ्यापासून पुढचे. रूममेटमुळे चटक लागली. अभ्यास बुडवून बघायचो.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : मालिका १९५६ला सीबीएस वाहिनीवर सुरू झाली, प्रायोजक प्रॉक्टर अँड गॅम्बल. आधी विचार होता रेडिओवरचा वकील पेरी मेसनच दुपारच्या टीव्हीवर आणायचा. पण त्याचा जनक गार्डनर याच्याशी जमलं नाही, मग नावं बदलून नवं विश्व उभं केलं. मॉन्टिसेलो नावाचं काल्पनिक शहर, पोलिसातून वकिलीत आलेला माइक कार, खून, खटला, पुन्हा खून. भाग चक्क जिवंत प्रक्षेपित व्हायचे, १९७५च्या अखेरीपर्यंत. म्हणजे स्लेसरच्या पहिल्या सात वर्षांत नट ओळ विसरला तर सगळ्या देशासमोर विसरायचा. वेळ दुपारी साडेचारची, पुढे साडेतीनची होती तोवर कामावरून लवकर परतलेले पुरुष आणि शाळेतून आलेली मुलंही बघायची. १९७२मध्ये प्रायोजकाच्या हट्टाने ती अडीचला नेली, तिथे प्रेक्षक गळाला. डिसेंबर १९७५पासून एबीसीवर गेली.

आणि एक. पहिला भाग २ एप्रिल १९५६ला झाला. स्लेसर गेला २ एप्रिल २००२ला.

रातकिडा

हा योगायोग त्याने कथेत घातला असता तर संपादकाने साभार परत केली असती.

ओसरी

पल्याड, एक मोठा प्रेक्षक राहिला. विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस! लाँग आयलंडवर राहायचे तेव्हा ही मालिका न चुकता बघत.

सांजवात

काय सांगता! आपल्याच गोष्टींतल्या जीव्ह्स या नोकराला चहा आणायला सांगून खुनाचा खटला बघणारे वुडहाउस डोळ्यांसमोर आले.

मधलीसुट्टी

आता मात्र मालिकेबद्दल आदर वाटायला लागला. स्लेसरबद्दल अजून नाही.

ढकलगाडी

कथानकं काय असायची हो? आपल्याकडच्यासारखं सासू-सून दळण?

पल्याड

सासू होती, पण तिचा खून झाला. :) ड्रेपर स्कॉट नावाचा निर्दोष वकील सासूच्या खुनात दोषी ठरतो. तुरुंगात नेताना आगगाडीला अपघात, याचा स्मृतिभ्रंश, आणि एक बाई त्याला आपला नवरा म्हणून ठेवून घेते. त्याआधीच्या दशकात सेरेना फॅरडे ही दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाची बाई. तिच्या आतली जोझी नवऱ्याला गोळी घालते आणि खटला उभा राहतो सेरेनावर. हे मी पाहिलेलं नाही, पण तिथल्या जुन्या चाहत्यांच्या तोंडी सारखं असायचं.

तिरपागडे

आगगाडी, स्मृतिभ्रंश, परका नवरा. आपल्याकडच्या मालिकांना उगाच नावं ठेवतो आपण.

बेरीज

कंदीलवाला, आता तुमच्या प्रश्नाला हात घालतो. तुम्ही म्हणता मालिकावाल्याला शेवट नको असतो. कौटुंबिक मालिकेत बरोबर. पण ‘एज ऑफ नाइट’ मुळात गुन्ह्याची मालिका. तिथे खून झाला की तपास, अटक, खटला आणि निकाल यावाच लागतो. प्रेक्षक त्यासाठीच बसलेला असतो. प्रत्येक प्रकरणाला ठरलेला शेवट आहे. कसब एवढंच की एक खटला निकालाला येण्याआधी पुढच्या खुनाची पेरणी झालेली हवी. आजच्या भागात बाजूला चहा पिणारी पाहुणी पुढच्या प्रकरणाची आरोपी. म्हणजे ‘ससा टेबलावर’ हीच पद्धत, फक्त टेबल मोठं. पहिल्या पानावरची किंमत आणि शेवटच्या पानावरचं सरबत यांच्यात इथे काही महिने जातात.

आणि कथाकार खाल्ला म्हणावं तर त्याच वर्षांत तो ‘सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर’साठी नाटकं लिहीत होता. त्या मालिकेतलं प्रत्येक नाटक एका बैठकीत सुरू होऊन संपणारं.

कंदीलवाला

रेडिओ नाटकांचा मुद्दा जड आहे. पण बेरीज, एक फरक तुम्ही गाळलात. कथेत फास मुख्य पात्राच्या गळ्यात पडतो. मालिकेत माइक कारला मारता येत नाही. मरणारे आणि फासावर जाणारे सगळे उपरे. चार महिन्यांपूर्वी आलेला देखणा नवा डॉक्टर खुनी निघणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मग धक्का उरतो कुठे?

पल्याड

अॅडम ड्रेकला मारलं की! वर्षानुवर्षांचा नायक वकील, १९७७ला गोळी घालून संपवला. नट सोडून गेला हे खरं, पण त्याला परगावी बदलीवर पाठवता आलं असतं. लोक खवळले होते म्हणतात.

सांजवात

मला वाटतं खरी शाळा जाहिरातीची. मॅक्ग्रा-हिल या प्रकाशनसंस्थेची ती ‘खुर्चीतला माणूस’ जाहिरात स्लेसरच्या नावावर सांगतात. १९५८ची. टकलू, बो लावलेला, खुर्चीत बसून थेट तुमच्याकडे बघणारा गृहस्थ. मी तुम्हाला ओळखत नाही. तुमची कंपनी मला ठाऊक नाही. तुमचा माल ठाऊक नाही. तुमची पत ठाऊक नाही. असं एकेक वाक्य येत जातं आणि शेवटी : बरं, तुम्ही मला काय विकायला आला होतात?

बघा ना, ही गोष्टच आहे. तुम्ही विक्रेत्याच्या जागी बसून वाचता आणि शेवटच्या ओळीला उघडे पडता. नुसत्या नकारांची माळ, एकही फालतू शब्द नाही. कॉपी लिहिणाऱ्याला दुसऱ्याचे पैसे मोजून एकेक शब्द छापावा लागतो. ती शिस्त कथेत उतरली. मालिकेत कितपत उतरली ते पल्याड सांगतील.

पल्याड

संवाद आखूड असायचे. खटल्यातली उलटतपासणी तर फर्मास. प्रेमप्रकरणं मात्र कापूस. तिथे आम्ही पाणी प्यायला उठायचो.

मधलीसुट्टी

तुम्ही सगळे त्याला हिचकॉकच्या खात्यावर मोठा करताय असं मला राहून राहून वाटतं. कागदावर प्यादं असलेल्या म्हातारीत पडद्यावर नटीने जीव ओतला, दिग्दर्शकाने सरबताच्या पेल्यावर कॅमेरा ठेवला. यात लेखकाचं किती?

बेरीज

पेला तिथे कुणी ठेवला?

ओसरी

उलट हिचकॉकच्या मालिकेत लेखकाचं नुकसानही व्हायचं. गुन्हेगार सुटता कामा नये, असा प्रायोजकांचा आणि वाहिनीचा आग्रह. म्हणून खुनी मजेत निघून गेला की हिचकॉक शेवटी पडद्यावर येऊन गंभीर चेहऱ्याने सांगायचे, याला नंतर पोलिसांनी पकडलं बरं का. ते इतक्या टवाळ सुरात की लहान मुलालाही कळावं, पकडलं-बिकडलं काही नाही. स्लेसरचं बरं होतं. त्याचे बहुतेक गुन्हेगार आपल्याच सापळ्यात सापडतात, शेपूट जोडायची वेळ कमी यायची. तो सरकारी वकील घ्या. पहिल्यांदाच फाशीची शिक्षा मिळवलेली, आणि फाशीच्याच दिवशी एक इसम येऊन म्हणतो, खून मी केलाय. कारकीर्द वाचवायला वकील त्याचं तोंड कायमचं बंद करतो. मग कळतं की तो इसम दर खुनाची कबुली देत हिंडणारा वेडा होता. इथे वेगळ्या पोलिसांची गरजच काय?

मधलीसुट्टी

ही चांगली आहे. नाव सांगा.

ओसरी

‘द डे ऑफ द एक्झिक्यूशन’. पडद्यावर ‘नाइट’ झालं.

मधलीसुट्टी

वाचते. आवडली तरी प्याद्यांवरचं मत बदलणार नाही.

कंदीलवाला

माझं मत थोडं सरकलंय, पूर्ण नाही. रचनेच्या बाबतीत बेरीज यांचं मान्य. पण ‘साल्व्हादोर रॉस’सारखी गोष्ट मालिकेत येऊच शकत नाही असं अजूनही म्हणेन. आपलं वय, आजार, स्वभाव काहीही दुसऱ्याशी अदलाबदल करू शकणारा माणूस. प्रेयसीचा बाप मुलगी देत नाही, कारण याच्यात दयामाया नाही. मग हा बापाकडूनच दया विकत घेतो. पुढचं सांगत नाही. १९६४च्या जुन्या ‘ट्वायलाइट झोन’मध्ये आहे, बघा.

तिरपागडे

आता बापाकडे दया उरली नाही, एवढं ध्यानात ठेवून बघा.

रातकिडा

यांना कुणीतरी आवरा.

ढकलगाडी

रेडिओ नाटकं आंतरजालावर ऐकायला मिळतात, मी कालपासून सुरू केलीत. दार करकरतं आणि सुरू होतं. ऐकताना झोपू नका, शेवट हुकतो.

अवांतर : रहस्यकथाकार एडवर्ड होकवर धागा कोण काढतंय? १९७३पासून मरेपर्यंत ‘एलरी क्वीन्स’च्या एकाही अंकात त्याची गोष्ट चुकलेली नाही.

बेरीज

तुम्हीच काढा. बंद खोलीतल्या खुनांवर माझ्याकडे बरंच आहे.

तिरपागडे

आलोच.